दोन चुलींच्या मधला चौकोन

तिचं खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर होतं. बाकी घरीदारी सगळे तिला सुसाट म्हणायचे, आणि हे काही लाडाने ठेवलेलं नाव नव्हे, वैतागून ठेवलेलं. पोरगी सकाळी डोळे उघडायची तीच धावत. जिन्याच्या खालच्या पायऱ्यांना तिचा पाय कधी लागलाच नाही. भांडी घासली तर साबण तसाच, केर काढला तर कोपरे तसेच, आणि "झालं!" म्हणून ही मोकळी. आई शिवणयंत्रावरून मान न उचलता ओरडायची, "अगं ए, घर झाडतेस की घराला दम देतेस?" वडील बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये ब्रेकचं काम करायचे. ते म्हणायचे, "अख्ख्या डेपोच्या गाड्यांचे ब्रेक मी बसवले, घरातली एवढी एकच गाडी राहून गेली."

आता अशा मुलीने काय शिकावं? पळायचं काहीतरी, उडायचं काहीतरी. तर हिने काय धरलं, पुरातत्त्व! जिथे शहाणीसुरती माणसं दिवसभर उन्हात उकिडवी बसून एक वीट ब्रशने झाडतात, ते. पण तिचं डोकं पक्कं होतं, हे मान्य केलं पाहिजे. पुस्तकं फडशा पाडल्यासारखी वाचायची, पेपर सगळ्यांच्या आधी लिहून उठायची आणि वर पहिली यायची. परदेशातल्या एका विद्यापीठाने तिला शिष्यवृत्ती दिली तेव्हा मोठे काका म्हणाले, "माती उकरायला एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या मागच्या गल्लीत गटाराचं काम चालू आहे की!" सगळे हसले. आई हसली नाही. तिने जाड कापडाची, भरपूर खिशांची विजार शिवून दिली आणि म्हणाली, "जा. पण जरा दमानं घे गं बाई."

तिकडे तिला राहायला मिळाली ती वसतिगृहाच्या माळ्यावरची खोली. उतरतं छत, त्यात एक खिडकी, दोन खाटा, आणि दोघींत मिळून एक टेबल. सुसाट रोज सकाळी ताडकन उठायची आणि रोज छताला डोकं आपटायची. दुसऱ्या खाटेवर तिच्याच वर्गातली एक मुलगी होती. ती पावाला लोणी लावायला बसली की चहा निवायचा. बुटाची नाडी बांधायची तर आधी दोन्ही टोकं सारखी करून घ्यायची. सुसाटने पहिल्याच आठवड्यात तिचं बारसं केलं. गोगलगाय. गोगलगायीला त्याचा राग आला की नाही हे कळायला मार्गच नव्हता, कारण तिला राग यायलाही वेळ लागायचा.

वर्षाच्या शेवटी सगळ्या वर्गाला एका प्राचीन गावाच्या खोदकामावर नेलं. सुसाट रात्रभर झोपली नव्हती. लहानपणापासून तिने कपाटाच्या दाराला आतून भग्नावशेषांची चित्रं डकवली होती. खांब, कमानी, हात तुटलेल्या मूर्ती. गाडी थांबली, ती सगळ्यांच्या आधी उडी मारून उतरली, आणि बघतच राहिली. समोर एक टेकाड होतं. मातीचं. त्यावर गवत, वर दोन शेळ्या.

"गाव कुठंय?" तिने विचारलं.

"हेच," एक बारीकसा आवाज मागून आला.

त्या बाई. खोदकामाच्या प्रमुख. आखूड केस, उन्हाने रापलेली मान, पायांत झिजलेल्या चपला. बसायला खुर्ची दिली तरी त्या घमेलं पालथं घालून त्यावर बसायच्या. उभं आयुष्य त्यांनी या एका टेकाडावर काढलं होतं. पुढेमागे कुणी नव्हतं, घरी परत जायची घाई कधी नव्हती. आणि हे त्यांचं शेवटचं वर्ष होतं. मोसम संपला की त्या निवृत्त होणार आणि टेकाड माती भरून कायमचं बुजवलं जाणार, असं वरून ठरलेलं होतं.

बाईंनी पहिल्याच दिवशी मुलांना सांगितलं, "इथे दगड नाही. पक्की वीट नाही. सगळं गाव कच्च्या विटेचं, म्हणजे मातीचं. भिंती पडल्या, त्यांची माती घरात भरली. आता उभी राहिलेली भिंतही माती आणि तिच्या बाजूला साठलेलीही मातीच. रंग एक, वास एक. मातीतून माती शोधायची आहे. जमेल?"

सुसाट पटकन म्हणाली, "जमेल!"

"कशी शोधाल?"

सुसाटने टिकावाकडे बोट दाखवलं.

"खरवडा, पाणी फवारा आणि बसा," बाई म्हणाल्या. "बसा म्हणजे बसा. बघत बसा. ओली माती वाळायला लागली की वीट वेगळी वाळते, सांधा वेगळा वाळतो. थोडा वेळ रेघा दिसतात, मग जातात. त्या दिसल्याशिवाय टिकाव उचलायचा नाही. रोज. कंटाळा आला तरी."

गोगलगायीच्या चेहऱ्यावर इतका आनंद सुसाटने कधी पाहिला नव्हता. तिच्यासाठीच जणू हे शास्त्र निघालं होतं.

आता त्या चौकोनाचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. बाईंनी आधीच्या वर्षांत दोन खोल्या खणून काढल्या होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्हींत एकेक चूल. काळी पडलेली, कडेला बसायची जागा झिजलेली, बघताच वाटावं की घरधनीण आत्ता उठून पाणी आणायला गेलीय. आणि या दोन खोल्यांच्या मध्ये एक पट्टा बाईंनी मुद्दाम शिल्लक ठेवला होता. ताटातला आवडीचा घास शेवटी ठेवावा तसा. प्रश्न असा होता की या दोन चुली एका घराच्या की दोन घरांच्या? मध्ये मोकळं अंगण निघालं, तर एकच घर. दोघी जावा म्हणा, बहिणी म्हणा, स्वयंपाक वेगळा करत असतील पण एकाच अंगणात वावरत होत्या. मध्ये भिंत निघाली, तर ज्याची त्याची चूल, ज्याचं त्याचं घर. मोठमोठ्या विद्वानांचं म्हणणं होतं की त्या काळची माणसं आपापली वेगळीच राहायची. बाई एकट्या म्हणत होत्या, नाही, एकत्र राहायची. त्यांना त्यावरून हसलेही होते लोक. बाईंना उत्तर हवं होतं, आणि ते त्या चौकोनात होतं, दुसरीकडे कुठेही नव्हतं.

आणि तो चौकोन त्यांनी दिला कुणाला? सुसाटला!

वर्ग चाट पडला. सुसाट स्वतःही चाट पडली. बाई म्हणाल्या, "दिवस थोडे राहिलेत आणि तुझा हात चालतो. पण हाताबरोबर डोळाही चालव." गोगलगायीला शेजारी, टेकाडाच्या उतारावर, राखेचा एक खड्डा मिळाला.

दुसऱ्या दिवशी बाईंना शहरात कचेरीत जावं लागलं, टेकाड बुजवायच्याच कागदांसाठी. आज नाही उद्या करत कचेरीने त्यांना तिथेच अडकवून ठेवलं. इकडे सुसाट सुटली. खरवडलं? खरवडलं. पाणी मारलं? मारलं, भसाभसा. बसली? छे! ती कसली बसते! पाणी मुरायच्या आत हिचा टिकाव चालू. घमेली भरतेय, हातगाडी ढकलतेय, ढिगाऱ्यावर ओततेय, परत येतेय. मधल्या पट्ट्यात माती जरा चिवट लागली. ही म्हणाली पाणी कमी मुरलं असेल, आणि जोर वाढवला. एका जागी मात्र माती भसकन आली, टिकाव आत गेला तो गेलाच. तिला बरं वाटलं. काम पुढे सरकलं ना!

गोगलगाय वरून डोकावून म्हणाली, "बसलीस का थोडं?"

"तू बस माझ्या वाटचं," सुसाट म्हणाली.

बाई परत आल्या तेव्हा चौकोन साफ होता. खाली जुनी जमीन, चोपून सपाट केलेली, डाव्या चुलीपासून उजव्या चुलीपर्यंत सलग. तिने ती इतकी खरवडून चकाचक केली होती की ताटावाचून जेवावं. बाई कडेला उभ्या राहिल्या. मग चपला काढल्या, अनवाणी खाली उतरल्या आणि डावीकडच्या चुलीपासून चालायला लागल्या. चालत चालत थेट उजवीकडच्या चुलीपाशी गेल्या. वळल्या. परत आल्या.

"काही आडवं आलं नाही," त्या म्हणाल्या. "बघितलंत? मी सरळ चालत गेले. एकच अंगण आहे. एकच घर!"

आणि त्या रडायला लागल्या हो! एवढ्या कडक बाई, सगळ्यांसमोर, मातीच्या हातांनी डोळे पुसत. सुसाटला त्यांनी जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "पोरी, उभा जन्म गेला माझा." सुसाटला काय करावं कळेना. तिला आजवर घाईबद्दल शिव्याच मिळालेल्या. ती नुसती लाल झाली.

त्या संध्याकाळी तिने घरी फोन लावला. "आई, मी एक घर जोडलं!"

"कुणाचं गं?"

"मेलेल्या लोकांचं."

"असू दे, असू दे. जोडलंस ना? तोडलं तर नाहीस!" आईने लगेच काकांच्या हातात फोन दिला, आणि काकांनीही मोठ्या मनाने सांगून टाकलं की गटाराचं बोलणं त्यांनी मागे घेतलंय.

बाईंनी आपल्या जुन्या सहकाऱ्यांना बोलावणं धाडलं, त्यांत हसणारेही होते. ते परवा येणार होते. फोटो निघणार म्हणून बाईंनी सुसाटला चौकोनाच्या पुढच्या-मागच्या कडा, म्हणजे न खणलेल्या मातीच्या उभ्या बाजू, सरळ छाटून, घासून नीट करायला सांगितल्या. तिने थापीने कडा तासल्या. गोगलगाय मदतीला आली, पाठीवर फवाऱ्याचा पंप घेऊन. फोटोला कड ओली असली की रंग खुलतो. तिने समोरची कड भिजवली, मागची भिजवली, आणि पंप रिकामा झाला म्हणून पाणी आणायला निघून गेली. गोगलगाय पाणी आणायला गेली म्हणजे काय ते समजा. सुसाटला करायला काहीच उरलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती नाइलाजाने खाली बसली आणि समोर बघत राहिली.

कड वाळायला लागली.

आधी तिला वाटलं डोळ्यांपुढे काहीतरी आलंय. मग एक आडवी रेघ दिसली. तिच्या वर दुसरी. मग उभ्या, तोकड्या, एकाआड एक. विटा. कडेच्या बरोबर मध्ये, खालच्या जमिनीपासून वरपर्यंत, थरावर थर, नीट सांधे सोडून रचलेल्या विटा. डावीकडे भुसभुशीत माती, उजवीकडे भुसभुशीत माती, आणि मध्ये ही. भिंत. आडवी कापलेली.

ती गर्रकन वळली. मागच्या कडेलाही तेच. तीच जाडी, तेच थर, समोरासमोर. म्हणजे भिंत या कडेतून निघून त्या कडेत जात होती. आणि मधला भाग? मधल्या भागात ती बसली होती. जिथे हजारो वर्षं भिंत उभी होती तिथे आता खिसेवाली विजार घातलेली एक पोरगी बसली होती, आणि भिंत हातगाडीतून ढिगाऱ्यावर गेली होती.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात, इथे जमीन जागेवर होती. तीच तेवढी जागेवर होती. ती कशीबशी वर चढली आणि ढिगाऱ्याकडे पळाली. दोन्ही हातांनी ढेकळं उलटीपालटी केली. अर्धी वीट तरी मिळेल, एक कोपरा तरी. मातीच निघाली. सगळ्या वर्गाची माती त्याच ढिगाऱ्यावर, कुठली कुणाची कोण सांगणार! "अरे देवा," ती नुसती म्हणत राहिली, "अरे देवा, अरे देवा."

परत आली तोवर रेघा पुसट झाल्या होत्या. थोड्या वेळाने काहीच दिसेना. साधी मातीची कड.

आता बघा, माणसाच्या मनात काय काय येतं. गोगलगाय अजून नळावर होती. बाई तंबूत होत्या. दुसऱ्या कुणी काही पाहिलं नव्हतं. फोटो कोरडाच काढू म्हटलं तर कोण नाही म्हणणार? आठ-दहा दिवसांत सगळं माती भरून बंद. बाई आनंदाने घरी जातील. उभ्या जन्माचं उत्तर मिळालं म्हणून म्हातारपणी सुखाने झोपतील. आणि हे सगळं मोडायचं कशासाठी, तर एक भिंत होती म्हणून, जी आता नाहीच! सुसाटने स्वतःला हे सगळं सांगून बघितलं. पटलंही. तंबूच्या दिशेने एकदा बघितलं, तर आत बाई कुठलंसं गाणं गुणगुणत होत्या. बाई आणि गाणं!

ती तंबूच्या दाराशी गेली.

"काय गं? झाल्या कडा सरळ?"

"बाई, जरा येता का?"

"चहा तरी पिऊ दे."

"बाई, आत्ता या. वाळेल नाहीतर."

शेवटचं वाक्य ऐकलं आणि बाईंनी कप खाली ठेवला. काय वाळतं आणि कशासाठी बघायचं असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक! गोगलगाय भरलेला पंप घेऊन आलेलीच होती. सुसाटने तो तिच्या पाठीवरून जवळजवळ ओढून घेतला आणि दोन्ही कडा भिजवल्या. मग तिघी बसल्या. रेघा आल्या.

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना सुसाटने पाहिला. कुणाला इतका धक्का बसलेला तिने त्याआधी पाहिला नव्हता, आणि तो तिने दिला होता. बाई आ वासून एकदा इकडे बघत होत्या, एकदा तिकडे. मग त्यांचं लक्ष मधल्या मोकळ्या जागेकडे गेलं. मग सुसाटकडे.

"बसली नव्हतीस," त्या म्हणाल्या.

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही, बाई."

सुसाट वाट बघत होती. ओरडतील, हाकलून देतील, एखादी मुस्काटात देतील. दिली असती तर बरं वाटलं असतं. बाई उठल्या, कडेजवळ गेल्या आणि गुडघे टेकून भिंतीच्या पायथ्याशी बोट लावलं. बराच वेळ तिथेच होत्या. वळल्या तेव्हा आवाज अगदी कामाचा होता.

"भिंत जमिनीवर ठेवलीय. जमिनीच्या आत गेलेली नाही. म्हणजे जमीन आधीची. अंगण एकच होतं, माझं चुकलं नव्हतं." त्यांनी बोटाची माती पुसली. "मग कुणीतरी मध्ये भिंत घातली."

गोगलगाय हळूच म्हणाली, "वाटणी झाली."

"हो," बाई म्हणाल्या. "भांडले वाटतं."

ठरल्या दिवशी ते विद्वान आले. सुसाट खाली मान घालून मागे उभी. आता बाई सगळ्यांदेखत माझं नाव घेणार, असं म्हणून तिने दात आवळले होते. बाईंनी दोन्ही कडा भिजवून दाखवल्या आणि स्वच्छ सांगितलं, "मधली भिंत खणताना गेली. आमच्या हातून." एकाने विचारलं, कुणाच्या? बाई म्हणाल्या, "आमच्या म्हटलं ना! चौकोन कुणाला द्यायचा हे मी ठरवलं होतं." सुसाटचे डोळे भरून आले, पण ते पुसायला वर हात नेणंही तिला शोभेना.

राहिलेले दिवस सगळ्यांनी मिळून चौकोनाच्या पुढची आणि मागची माती काढली, भिंत कुठवर जाते ते बघायला. या वेळी सुसाट बसली. इतकी बसली की गोगलगाय म्हणाली, "अगं, हल आता!" भिंत पुढे रस्त्यापर्यंत गेलेली निघाली, मागे परसापर्यंत गेलेली निघाली. अखंड. कुठेही फट नाही, खिडकी नाही, दार नाही.

शेवटच्या संध्याकाळी मातीच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. बाई त्यांच्या घमेल्यावर बसल्या होत्या. त्यांनी सुसाटला जवळ बोलावलं.

"एक विचारू? नीट आठवून सांग. सगळी भिंत बघितली आपण. दार कुठेच नाही. असलं तर तुझ्या चौकोनात असणार. वाटणी झाली, ठीक आहे, सगळ्यांच्या घरी होते. पण दार ठेवलं होतं का त्यांनी? एकमेकांकडे जायला?"

सुसाटला तोवर वाटत होतं की जे व्हायचं ते होऊन गेलं. आता तिला कळलं की तिने काय केलं होतं. तिने डोळे मिटले. टिकाव आठवला, घमेली आठवली, हातगाडीचं चाक आठवलं. आणि ती एक जागा आठवली, जिथे माती भसकन आली होती.

"एका ठिकाणी मऊ लागलं होतं," ती म्हणाली.

बाई ताडकन उठल्या. "कुठे?"

सुसाट चौकोनात उतरली. हात पुढे करून ती इकडून तिकडे गेली, परत आली. इथे? की तिथे? आणि माणूस जाईल एवढी जागा होती, की उंदराचं बीळ? तिला आठवलं ते एवढंच, की त्या वेळी तिला बरं वाटलं होतं. ती जमिनीवर मटकन बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. बाईंनी तिला उठवलं नाही. त्या चौकोनाच्या कडेला उभ्या राहिल्या, आणि अंधार पडायला लागला तेव्हा गाडीवाल्याला म्हणाल्या, "टाका."

सुसाट पास झाली, शिकून घरी आली. आता ती एका वस्तुसंग्रहालयाच्या कोठारात फुटक्या मडक्यांचे तुकडे जुळवते, आणि एकेका तुकड्यावर इतका वेळ घालवते की साहेब कपाळाला हात लावतात. आई म्हणते, "परदेशात हिला कुणी बदलून दिलं." बाईंचा फोन वर्षातून एकदोनदा यायचा. तब्येत, हवापाणी, गोगलगाय कुठे असते, असं सगळं बोलून झालं की फोन ठेवायच्या आधी त्या हमखास विचारायच्या, "त्या भिंतीचं काही आठवलं का गं?" सुसाट म्हणायची, "नाही, बाई." "बरं," म्हणून त्या ठेवून द्यायच्या.

मग एकदा फोन आला तो बाईंच्या शेजारणीचा. बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. बोलणं जड झालं होतं, पण सुसाटशी बोलायचं म्हणून हट्ट धरून बसल्या होत्या. शेजारणीने फोन त्यांच्या कानाशी धरला.

"बाई, कशा आहात?"

पलीकडे नुसता श्वास. मग अगदी बारीक आवाज आला. "होतं म्हण ना गं."

"काय, बाई?"

"दार. होतं म्हण. एकदा ऐकू दे."

सुसाट थिजलीच. या बाईंनी कधी एक रेघ ना वाढवलेली ना खोडलेली. त्या आज म्हणत होत्या, होतं म्हण! आणि अडचण तरी कसली होती? कोण तपासायला येणार होतं? आता तर पुस्तकात छापायचंही नव्हतं. जाणाऱ्या माणसाला एक शब्द द्यायचा, बस्स. सुसाटच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"होतं, बाई," ती म्हणाली. "दार होतं."

पलीकडे श्वास जरा भराभर लागला आणि बाईंचा आवाज आला, पूर्वीचा, टेकाडावरचा.

"कुठल्या अंगाला? रस्त्याकडे की परसाकडे?"

सुसाटने तोंड उघडलं. ते तसंच राहिलं. पलीकडे खोकल्याची उबळ आली, फोन खरखरला, आणि शेजारीण बोलायला लागली. "त्यांना बोलवत नाही आता. पण हाताने खुणा करताहेत, विचार म्हणून. काहीतरी विचारलंय त्यांनी तुम्हाला. काय सांगू?"

"सांगा त्यांना," सुसाट म्हणाली, "मी बघितलंच नव्हतं."